घरात एक पेशंट आहे, आता दुसऱ्याला जागा नाही

वारणाकाठ
रात्री ११:५२

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आयडी मुद्दाम नवीन घेतलाय, जुना आयडी कुणाचा आहे ते इथल्या दोन-चार जणांना प्रत्यक्षात माहितीये म्हणून. समजून घ्या.

धाकटा भाऊ, वय ३८, स्किझोफ्रेनिया (भास-संशयाचा मानसिक आजार). इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुरू झालं. वडील गेले, आई सत्तरीच्या पुढची. माझं सासर सांगलीतच, माहेर चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे बँकेत जायच्या आधी एक फेरी आणि सुटल्यावर एक. गोळ्या, डॉक्टर, रक्त, त्याची आंघोळ झाली का, सिगरेटी किती झाल्या, शेजाऱ्यांशी काही वाजलं का, सगळं माझ्याकडे. तो क्लोझापिनवर आहे. ज्यांच्या घरी हे औषध आहे त्यांना माहितीये की पांढऱ्या पेशी कमी होण्याची भीती असते म्हणून रक्त तपासत राहावं लागतं, सुरुवातीचे १८ आठवडे तर दर आठवड्याला. आमच्या लॅबवाल्याने एकदा विचारलं, ताई याचा सीबीसी सारखा कशाला करता? मी म्हटलं अशक्तपणा आहे. तेव्हापासून तो मला प्रत्येक वेळी बीट आणि खजूर खायला घाला म्हणून सांगतो, अजून सांगतो. औषधं मिरजेतून आणते कारण सांगलीत दोन केमिस्ट ओळखीचे आहेत. २०१९ च्या पुरात गावभागातून बाहेर पडताना आईने दागिन्यांचा डबा घेतला आणि मी क्लोझापिनची पाकिटं, कारण ते दोन दिवसांच्या वर चुकलं की परत अगदी कमी डोसपासून चढवत न्यावं लागतं आणि तो चढवण्याचा काळ आम्ही एकदा बघितलाय.

हे सगळं जमत होतं. म्हणजे जमवत होते.

गेलं वर्षभर माझंच काहीतरी बिनसलंय. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते ती येतेच. जेवण जात नाही. काउंटरवर एकच बंडल परत परत मोजत बसते. टीव्हीवर काय चाललंय ते दिसतं पण आत शिरत नाही. छातीत धडधडायला लागलं म्हणून फिजिशियनकडे गेले, ईसीजी, टूडी इको, थायरॉईड, बी१२ सगळं नॉर्मल. मग त्यांनी नऊ प्रश्नांचा एक कागद भरायला दिला, त्यात २७ पैकी १७ आले. म्हणाले डिप्रेशन आहे, सायकियाट्रिस्टला दाखवून घ्या, टाळू नका.

आईला सांगितलं. ती फक्त "तू पण?" एवढंच म्हणाली आणि आत जाऊन भाजी निवडत बसली. नवरा चांगला आहे, पण त्याचं म्हणणं तू दमलीयेस, चार दिवस महाबळेश्वरला जाऊन येऊ. सासूबाईंना भावाचंच अर्धं माहितीये, "कॉलेजात असताना नर्व्हस ब्रेकडाऊन झाला होता" इतकंच. त्यांना माझं कळलं तर त्या दोन आणि दोन चार करणार, आणि मग माझ्या मुलीकडे बघणार. ती अकरावीत आहे.

आणि या सगळ्यांपेक्षा जास्त मीच लपवतेय. इतकी वर्षं लोकांना सांगत आले की हा मेंदूचा आजार आहे, डायबेटिससारखा, यात लाज कसली. ज्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये भावाला घेऊन बसते तिथली रिसेप्शनवरची मुलगी मला बघून न विचारता त्याची फाईल काढते. तिला सांगायचं का, की आज नवीन फाईल काढ आणि त्यावर माझं नाव लिही? तोंडच उघडत नाही माझं.

तर विचारायचं हे की घरात पेशंट सांभाळताना स्वतः डिप्रेशनच्या गोळ्या घेणारं इथे कुणी आहे का? त्याच डॉक्टरांकडे जावं की दुसरीकडे? आणि घरी कसं सांगितलंत?

अमृता_के
रात्री १२:१०

आहे. आई बायपोलर (कधी मन एकदम चढतं, कधी एकदम खचतं तो आजार), मी एकुलती. "तू पण?" वाचून पोटात खड्डा पडला, आमच्याकडे हेच वाक्य मावशीने म्हटलं होतं. सकाळी सविस्तर लिहिते, आता डबा भरायला उठायचंय पाचला.

स्पष्टवक्ता
सकाळी ७:३५

टीका म्हणून घेऊ नका, पण हल्ली प्रत्येक थकव्याला डिप्रेशन म्हणायची पद्धत पडली आहे. आमच्या आजीने वेडसर दिराला चाळीस वर्षं जेवायला वाढलं, कधी एक गोळी घेतली नाही. मन घट्ट करावं लागतं. इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून या, फुकट असतं, मी स्वतः केलंय, माणूस बदलून जातो.

अमृता_के
सकाळी ७:५०

दहा दिवस फोन जमा करून बसायचं आणि इकडे भावाच्या गोळ्या तुम्ही देणार का हो स्पष्टवक्ता? पत्ता पाठवायला सांगू का ताईंना?

आणि शिबिराच्या फॉर्मवरच मानसिक आजाराबद्दल विचारतात. गंभीर मानसिक त्रास असेल तर हे शिबिर त्यावरचा इलाज नाही असं ते लोक स्वतःच सांगतात. तुम्ही केलंय म्हणता, मग फॉर्म वाचला असेलच.

आजीचं म्हणाल तर तिला कधी कुणी विचारलं होतं का झोप लागते का म्हणून? माझ्या आजीला संधिवात, पित्त, डोकेदुखी, चक्कर सगळं होतं, दिवसभर कपाळाला बाम. आता वाटतं ती सगळी दुखणी नेमकी कसली होती कोण जाणे.

ओपीडीतली_मावशी
सकाळी ९:१५

सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, आता निवृत्त, सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात झाली. वारणाकाठ, तुम्ही लिहिलंय तसं बोलणारी माणसं मी टेबलाच्या पलीकडे रोज बघितली, फक्त ती स्वतःबद्दल बोलत नसत. "पेशंटची झोप कशी आहे" विचारलं की घडाघडा सांगणार, "आणि तुमची?" विचारलं की हसणार.

थोडं सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर पुढे जा.

पहिली गोष्ट, थकवा आणि डिप्रेशन यात फरक आहे आणि तो बाहेरून मन घट्ट करून ठरत नाही. थकलेल्या माणसाला दोन दिवस सुट्टी दिली, झोपू दिलं, कुणीतरी ताट वाढून दिलं की तो जरा वर येतो. डिप्रेशनमध्ये सुट्टी मिळाली तरी माणूस तिथेच बसून राहतो, महाबळेश्वरला गेला तरी पहाटे तीनला जागा होतो. तुम्हाला भरायला दिला तो पीएचक्यू-९ असणार, त्यात १५ ते १९ म्हणजे बऱ्यापैकी तीव्र धरतात. त्या कागदावर निदान होत नाही, पण डॉक्टरकडे जायला तेवढं कारण पुरेसं आहे. त्या नऊ प्रश्नांतला शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. त्याचं उत्तर शून्याच्या वर असेल तर या धाग्यावरच्या चर्चेची वाट न बघता आजच जा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाईन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

दुसरं, हे तुमच्या एकटीचं नाही. आपल्याकडे बंगलोरच्या पै आणि कपूर यांनी १९८१ सालीच कुटुंबावर किती भार पडतो ते मोजायची प्रश्नावली केली होती, पैसा, घरातली कामं, फुरसत, घरातले संबंध, घरच्यांची स्वतःची तब्येत असे सगळे भाग धरून. म्हणजे चाळीस वर्षांवर झाली, शास्त्राला माहितीये. ओपीडीत मात्र पेशंटमागे काही मिनिटं मिळतात आणि त्यात नातेवाईकाचा नंबर लागत नाही. मी हे आमच्या बाजूची चूक म्हणूनच सांगतेय.

आणि कलंकाचं म्हणाल तर गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये लिहून ठेवलंय की तो आजारी माणसावर थांबत नाही, त्याच्याबरोबर राहणाऱ्यालाही चिकटतो. आयांना तर जास्तच. १९४८ मध्ये फ्रॉम-राइशमन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी मांडलं की आई विशिष्ट प्रकारे वागली की मुलाला स्किझोफ्रेनिया होतो! पुढे ते टिकलं नाही, पण दोन-तीन दशकं आयांनी ते ऐकून घेतलं. आपल्याकडे ते इंग्रजी कुणी वाचलेलं नाही तरी "आईनेच लाडावून ठेवला" आहेच. तुमच्या आईंच्या "तू पण?" मध्ये ते सगळं आहे असं मला वाटतं. त्या तुम्हाला कमी आणि स्वतःलाच जास्त विचारत असतील.

डॉक्टरचं: त्याच डॉक्टरांकडे गेलात तर त्यांना घरची परिस्थिती माहितीये हा फायदा. पण त्यांच्यासमोर तुम्ही कायम "पेशंटची बहीण" होऊन बसाल असं वाटत असेल तर सरळ कोल्हापूरला दुसरे बघा, त्यात कुणाचा अपमान नाही. जिवाला धोका वगैरे मोजके अपवाद सोडले तर तुमची परवानगी नसताना डॉक्टर आईंना किंवा सासरी काही सांगू शकत नाहीत, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ गुप्ततेचंच आहे.

बापू_नाशिककर
सकाळी ११:०२

मावशींनी बायकांचं लिहिलं, आम्हा पुरुषांचं पण थोडं ऐका.

बायको बायपोलर. लिथियमची गोळी चालू, ठरावीक दिवसांनी रक्तातली लेव्हल, किडनी, थायरॉईड. चढती बाजू आली की बघायला नको, एकदा मेन रोडवरच्या ओळखीच्या दुकानातून उधारीवर साड्यांचा ढीग घेऊन आली, पोरीच्या लग्नाच्या म्हणे, तेव्हा पोरगी सातवीत होती. दुकानदार भला माणूस, परत घेतल्या, पण त्यानंतर मी त्या दुकानासमोरून जायचंच सोडलं.

लोकांनी मला काय सांगितलं असेल? बायको आजारी म्हटल्यावर पुरुषाला पहिला सल्ला एकच. "सोडून द्या ना, कायद्यात बसतं." हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजारावरून घटस्फोटाची तरतूद आहेच, पण नुसतं आजाराचं नाव पुरत नाही, एकत्र राहणं शक्य नाही इतका आजार सिद्ध करावा लागतो, हे सांगणाऱ्याला माहीत नसतं. मी सोडलं नाही तर एकदम देवमाणूस झालो. नवरा आजारी असता आणि बायकोने सांभाळला असता तर तिला कोण देवमाणूस म्हणालं असतं? तिचं कामच ते! पण देवमाणूस झाल्याचा तोटा असा की मग तुम्हाला काही व्हायची सोय राहत नाही. देवाला कुठे डिप्रेशन येतं.

माझं रडणं वगैरे काही नव्हतं, चिडणं होतं. सिग्नलला हॉर्न वाजवला म्हणून एका पोराच्या अंगावर धावून गेलो. ऑफिसात कुणाशी बोलणं नाही. घरी स्वयंपाक माझ्याकडे, तर पोळी करपली की तवाच फेकायचो. बायकोनेच तिच्या डॉक्टरांना सांगितलं, "यांना पण काहीतरी द्या, हे बरे नाहीत." तिने सांगितलं, मी नाही. गोळ्या दीड वर्ष घेतल्या, नंतर डॉक्टरांनी हळूहळू बंद केल्या. आता तवा जागेवर असतो.

रिया_टीएचएन
दुपारी १:२६

वय २७, मोठ्या भावाला स्किझोअफेक्टिव्ह (स्किझोफ्रेनिया आणि मूडचा आजार एकत्र). माझ्यासाठी स्थळं बघतायत. आईबाबांचं ठरलंय की साखरपुड्याआधी काही बोलायचं नाही. एका मुलाला मी स्वतः सांगितलं, तो छान बोलला, दोन दिवसांनी त्याच्या आईचा फोन आला की पत्रिकेत मंगळ निघाला. आधी जुळली होती हो पत्रिका!

मला आता रात्री झोप लागत नाही, भूक नाही, आणि दरवेळी एकच विचार की हीच सुरुवात आहे का? भावाचं पण झोपेपासूनच सुरू झालं होतं. काउन्सेलरकडे जायचं तर आई म्हणते लग्न होईपर्यंत थांब, कुठे नोंद राहिली तर?

ओपीडीतली_मावशी
दुपारी २:४०

रिया, बाळा, तू खाजगी काउन्सेलरकडे गेलीस म्हणून विवाहमंडळाला कळेल असं कुठलंही रजिस्टर नसतं. जा.

आकडे सांगते कारण घरोघरी या भीतीने लोक अर्धे होतात. स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकाला होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर जुन्या अभ्यासांत शंभरात नऊच्या आसपास येतो. धोका वाढतो, खोटं कशाला बोलू, पण शंभरातल्या नव्वद भावंडांना तो होत नाही. हुबेहूब जुळ्यांतसुद्धा एकाला असला तर दुसऱ्याला निम्म्याहून कमी वेळा होतो. आणि झोप उडणं, भूक जाणं हे डिप्रेशनमध्ये, काळजीत, परीक्षेत, मोडलेल्या लग्नात सगळ्यात होतं. हीच सुरुवात का, हा प्रश्न डॉक्टरला विचार, रात्री दोन वाजता गूगलला नको.

लग्नाआधी सांगावं की नाही यावर इथे दोन तट पडतील. माझं मत सांगावं, पण पहिल्या कांदेपोह्यांना नाही. जो मंगळावर पळाला तो तसाही पळालाच असता.

स्पष्टवक्ता
दुपारी ३:१८

माझ्या प्रतिसादाने कुणी दुखावलं असेल तर राहू द्या. पण मावशी, एक प्रश्न आहे. परदेशात नर्सिंग होम वगैरे असतात, आपल्याकडे कुटुंब आहे म्हणून पेशंट बरे राहतात असं वाचलं होतं. मग कुटुंबाने बघणं हे ओझं आहे असं बोलायला लागलो तर उद्या सगळे येरवड्याला नेऊन सोडतील ना?

ओपीडीतली_मावशी
दुपारी ४:०५

हा प्रश्न चांगला विचारलात. कुटुंब लागतंच, वाद नाही. अमृतसरच्या मेंटल हॉस्पिटलात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकून नातेवाईकांना पेशंटबरोबर राहायला बोलावलं. तेव्हा हॉस्पिटल म्हणजे कोंडून ठेवण्याची जागा होती, त्या मानाने केवढी मोठी गोष्ट! पेशंट लवकर घरी जायला लागले. पण लक्षात घ्या, तिथे डॉक्टर रोज नातेवाईकांशी बोलत होते, शिकवत होते. आपण पुढे त्यातलं "नातेवाईक सांभाळतील" एवढंच उचललं आणि बोलणं सोडून दिलं.

मनोरुग्णालयं राज्यात चार, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. सगळे नेऊन सोडायचे म्हटले तरी मावणार नाहीत, काळजी नसावी.

अजून एक. घरातली सततची टीका आणि कटकट यांचा रिलॅप्सशी, म्हणजे आजार परत उलटण्याशी, संबंध असतो हे लंडनच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं. चंदीगडला तसाच अभ्यास झाला, १९८७ चा, तेव्हा आपल्या घरांत ती टीका इंग्रजांपेक्षा कमी निघाली. चांगलंच आहे. पण ती कमी ठेवायला घरातल्या माणसाला दम लागतो ना? पहाटे तीनपासून जागी असलेली बाई आठ वाजता भावाशी गोड कुठून बोलणार? बहिणीला गोळी दिली तर भावाचाही फायदाच आहे. अर्थात भावाचा फायदा नसता तरी दिलीच पाहिजे, ती पण माणूसच आहे, हे वेगळं लिहावं लागतंय याचा मला राग येतो.

टॅक्सवाले_काका
संध्याकाळी ६:३०

भावनिक बाजू इतर बघतायत, मी कोरडं लिहितो. पैशाची काळजी हे अर्धं दुखणं असतं म्हणून.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार आहे. सरकारी हॉस्पिटलच्या बोर्डाकडून ४० टक्के किंवा वरचं प्रमाणपत्र मिळालं की यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. अवलंबून असलेला भाऊ किंवा बहीण असेल तरी इन्कम टॅक्समध्ये (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडी) ७५,००० ची वजावट मिळते, ८० टक्के आणि वर असेल तर १,२५,०००. फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये, नव्यात नाही. निरामय या दिव्यांगांच्या सरकारी आरोग्य विम्यात मानसिक आजार येत नाही, तिथे हेलपाटे मारू नका. पण २०१७ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं लागतं, तेव्हा पॉलिसी परत काढून वाचा. आई किंवा वडील सरकारी नोकरीत असतील तर कमावू न शकणाऱ्या मुलाला त्यांच्या मागे फॅमिली पेन्शन मिळू शकतं, पण त्याचं नाव आणि कागद ते हयात असताना ऑफिसात घालून ठेवा. नंतर फार पळापळ होते.

कार्ड काढायला लोक कचरतात, गावात कळेल म्हणून. बसमधल्या कंडक्टरला दाखवायची सक्ती नाही. टॅक्सला वापरा, कपाटात ठेवा.

मेपल_जोशी
रात्री ८:४७

कॅनडातून. पुण्यात मोठा भाऊ आई-बाबांना आणि आमच्या आजारी बहिणीला बघतो, मी पैसे पाठवते आणि रविवारी व्हिडिओ कॉल करते. कॉलवर तो कायम हसत असतो. हा धागा वाचून पहिल्यांदा वाटलं की तो कॅमेऱ्यासाठी हसतो. लांबून काय करू शकते?

इथल्याच कॅल्गरीतल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरचा अनुभव घेऊन पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, तिथे नातेवाईकांचे गट चालतात. भावाला सांगितलं तर म्हणतो वेळ कुठाय.

अमृता_के
रात्री ९:१०

पैसे पाठवताय ते पाठवाच. पण वर्षातून एकदा दोन-तीन आठवडे या आणि आल्यावर घरात शिरून "दादा तू जा" म्हणा. पाहुणी म्हणून येऊ नका. नाहीतर होतं काय, परदेशातली बहीण आली की दादालाच तिच्यासाठी श्रीखंड आणायला पळावं लागतं.

वेळ कुठाय म्हणतो कारण त्याच्या दोन तासांत बहिणीजवळ बसणारं कुणी नाही. तेवढ्या तासांपुरती पगारी मदतनीस लावून द्या.

निनावी_मी
रात्री १०:५५

मी दुसऱ्या बाजूचा. म्हणजे मीच घरातला पेशंट. वाचत होतो, लिहावं की नाही कळत नव्हतं.

तुम्ही सगळे लपवता ते आम्हाला कळतं. माझी आई बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं आणि ती एवढा नळ कधी सोडत नाही, मग कळणार नाही का? काय झालं विचारलं तर "काही नाही, कांदा". वर मलाच भीती, की मी जास्त विचारलं तर ती म्हणेल याला परत संशय यायला लागला. गोळी घेतली की जीभ वर करून दाखवायची, आज इतक्या वर्षांनी पण. मी दाखवतो, तिला बरं वाटतं म्हणून.

एकदा माझ्या पाकिटातल्या झोपेच्या गोळ्या कमी व्हायला लागल्या. घरात आधी माझ्यावरच संशय, की साठवतोय. आत्या, काका, सगळे गोळा झाले. आई घेत होती त्या. डॉक्टरकडे गेली नाही पण माझ्या गोळ्या घेतल्या. कृपा करून असं कुणी करू नका. एक तर ते औषध तुमचं नाही आणि वर चोर आम्ही ठरतो.

आता तिची वेगळी फाईल आहे. मला वाईट वाटेल, मला रिलॅप्स होईल असं सगळ्यांना वाटत होतं. मला आतापर्यंत रिलॅप्स आले ते मी गोळ्या सोडल्या तेव्हा. आईच्या फाईलने काही झालं नाही. उलट आता ती झोपते, आणि दुपारी चार वाजता माझ्या खोलीत डोकावत नाही.

वारणाकाठ, तुमच्या भावाला तुम्ही सांगितलंय का? सगळ्यांना कसं सांगायचं विचारलंत, त्याचं नाव त्या यादीत नव्हतं.

वारणाकाठ
दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:२०

निनावी, नव्हतं. डोक्यातच आलं नाही माझ्या.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. मावशी, शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर शून्य होतं, काळजी करू नका. कोल्हापूरची अपॉइंटमेंट घेतलीये. फोनवर बाईंनी विचारलं "पेशंटशी तुमचं नातं?" आणि मी सांगितलं मीच. नवऱ्याला म्हटलं महाबळेश्वर नंतर, आधी रजा टाक आणि माझ्याबरोबर चल. त्याने टाकली. सासूबाईंना अजून नाही, आणि इतक्यात सांगणारही नाहीये, तेवढं बळ नाही. यावर कृपया कुणी लेक्चर देऊ नये.

काका, वडील जिल्हा परिषदेत होते, आईला पेन्शन आहे. भावाचं नाव घातलंय का ते माहीतच नाही, आज फाईल काढते.

हळद_मार्केट
सकाळी ८:१५

मी पण सांगलीचाच, बहीण सांभाळतो. इतके दिवस नुसता वाचक. आपल्याकडे पुण्या-ठाण्यासारखे गट नाहीत असं रडत बसण्यापेक्षा महिन्यातून एकदा भेटूया का? विश्रामबागेत चुलत्यांचा योगवर्गाचा हॉल आहे, रविवारी रिकामा असतो. मावशी, तुम्ही येणार का सुरुवातीला, बोलायला?

ओपीडीतली_मावशी
सकाळी ९:३०

येते की. पण भाषण देणार नाही, ऐकायला येईन. बाहेर बोर्ड काय लावणार?

हळद_मार्केट
सकाळी ९:४१

योगवर्गाचा आहे तोच राहू दे. "मानसिक आजार नातेवाईक गट" लिहिलं तर कुणी जिना चढेल का? चुलते पण म्हणतात वस्तीत चर्चा नको.

बापू_नाशिककर
सकाळी १०:१०

म्हणजे परत लपूनच की. मी लांबचा आहे, मला बोलायला काय जातंय, पण बोर्ड लावा.

वारणाकाठ
सकाळी १०:३२

बोर्ड नको असं मला वाटतंय आणि हा धागा मीच काढलाय, तेव्हा हसा. पण खरंच, बोर्ड लावला तर पहिल्यांदा मीच येणार नाही. आधी माणसं येऊ देत, बोर्डाचं तीच ठरवतील.

निनावी_मी
सकाळी ११:०५

मी जयसिंगपूरला असतो, आईला घेऊन येऊ शकतो. पण मला आत बसायला चालेल का, की फक्त नातेवाईकांसाठी आहे?

हळद_मार्केट
सकाळी ११:२०

अवघड प्रश्न टाकलास भावा. माझी बहीण समोर बसली असेल तर मी मोकळेपणी बोलू शकणार नाही. पहिला तास फक्त नातेवाईक, नंतर सगळे एकत्र, चालेल का? नाहीतर भांडा, अजून ठरलेलं नाही.

निनावी_मी
सकाळी ११:२८

चालेल. एक तास मी खाली चहाच्या गाड्यावर थांबतो. पण पुढे कधीतरी आमचा पण वेगळा तास पाहिजे, ज्यात तुम्ही खाली थांबाल.

ओपीडीतली_मावशी
सकाळी ११:३५

मान्य. लिहून ठेवलंय.

हळद_मार्केट
सकाळी ११:५०

मग महिन्याचा तिसरा रविवार, साडेदहा. जिना जरा उभा आहे, कुणाच्या आईला गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी सांगा, खालची खोली उघडून घेतो. चहा-बिस्किटाचं मी बघतो.